वाजणारी डबी

खुळ्.

लाइट गेली होती. पंखा थांबला होता, फ्रीजचं गुरगुरणं थांबलं होतं, आणि घर इतकं शांत झालं होतं की खाली गेटवर वॉचमन खोकला तरी आम्हाला चौथ्या मजल्यावर ऐकू यावं. त्या शांततेत आतल्या खोलीतून तो आवाज आला. खुळ्. थोडं थांबून पुन्हा, खुळ् खुळ्.

स्वयंपाकघरात आईंचा हात थांबला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या मेथी निवडत होत्या. काडी बोटांत तशीच राहिली आणि त्यांनी बाल्कनीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. आवाज आतून आला होता, तरी खुर्चीकडेच. दर वेळी असंच व्हायचं. मग जाग आल्यासारखं त्यांनी खाली मेथीकडे पाहिलं.

"मृणू उठली वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"अजून ते घेऊनच झोपते?"

"हो."

"परत करायचंय ना ते त्यांना?"

मी पातेल्याखालचा गॅस उगाचच बारीक केला.

मृणू म्हणजे मृणालिनी. पाच वर्षांची आहे. एवढं लांबलचक जुन्या वळणाचं नाव तिच्या बाबाने हट्टाने ठेवलं. जुनं ते सगळं अभिनवला आवडायचं. मृणूच्या उशीखाली जी वस्तू असायची ती मुठीत मावेल अशी चौकोनी, चपटी, पारदर्शक प्लॅस्टिकची डबी होती. आत एक मोठं चांदीचं अमेरिकन नाणं, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं. नाण्यावर एका बाईचा चेहरा, केसांत कणसं खोवलेली, कपाळावर पट्टा. मृणू तिला 'डबीतली बाई' म्हणायची. वर कागदाची चिठ्ठी, तिच्यावर साल आणि गुण: सत्तरपैकी चौसष्ट.

"चौसष्ट? माझ्या बारावीपेक्षा बरे आहेत की," मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा म्हणाले होते.

"बारावीनंतर तुलाही लगेच डबीत बंद केलं असतं तर तुझेही टिकले असते," अभिनव म्हणाला.

त्याचं हे वेड लग्नाआधीपासूनचं. नाणी जमवणारे लोक नाणं तपासायला परदेशातल्या कंपनीकडे पाठवतात. तिथे ते भिंगाखाली बघून गुण देतात आणि कायमचं डबीत बंद करून टाकतात. पुढे कुणी म्हणायला नको, की हे तेच नाणं कशावरून. डबीचे दोन भाग कारखान्यातच एकमेकांना जोडलेले असतात. उघडायची सोय नाही, फोडावीच लागते. या डबीला त्यांच्यात 'स्लॅब' म्हणतात. एकदा तो सकाळी निघताना म्हणाला, "आई, मी उत्तनला जाऊन येतो, एक जुना स्लॅब बघायचाय," तर आई घाबरून म्हणाल्या, "कुणाच्या घरचा पडला?" आमच्या भाईंदरात स्लॅब म्हटलं की तो पडलेलाच असतो.

उत्तनहून संध्याकाळी आला तो ही डबी घेऊन. मॅन्युएल अंकलची होती. अंकल पूर्वी जहाजावर होते, आणि तरुणपणी कुठल्याशा अमेरिकन बंदरात त्यांनी ती घेतली होती. अगदी पहिल्या-पहिल्या डब्यांपैकी होती ती. पुढे आलेल्या डब्यांत नाण्याभोवती एक कडी असते, नाणं जागचं हलत नाही. पहिल्या डब्यांत ती कडी नव्हती. नाण्याला आत किंचित जागा राहायची, म्हणून डबी हलवली की वाजायची. ती चूक कंपनीने सुधारली, आणि आता जगभरचे हौशी लोक त्या न सुधारलेल्या डब्यांच्या मागे लागलेत. अभिनवला त्यांच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाच्या अंकात यावरच लेख लिहायचा होता. फोटो काढायचे, लिहून झालं की डबी परत द्यायची, असं ठरलं होतं.

लेख काही पुढे सरकला नाही. ऑफिसातून आला की अंघोळ करून तो त्या वेताच्या खुर्चीत बसायचा, कपाटातून डबी काढायचा आणि मृणूच्या कानाशी एकदा हलवायचा. एकदाच. जास्त हलवलं तर नाणं झिजतं म्हणे.

"ऐकलंस? ती आतून दार वाजवतेय."

"अजून एकदा!"

"उद्या. जुन्या डबीत तिला थोडी जागा आहे, म्हणून वाजवू शकते. नवीनवालीत ठेवलं असतं ना, तर गच्च बसली असती. गप्प."

हे तो इतक्या वेळा सांगायचा की मृणू त्याच्याबरोबर शब्दाला शब्द म्हणायची.

ऑगस्टात त्याला ताप आला. साधा वाटला, मग प्लेटलेट्स उतरल्या, मग आयसीयू. त्याची बहीण परदेशातून यायची होती म्हणून त्याला एक रात्र खाली सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवलं. भाड्याने मिळते ना, तशी काचेची थंड पेटी आणली होती कुणीतरी. मृणूला शेजारच्यांकडे झोपवलं होतं, पण ती कशी कोण जाणे खाली आली आणि लोकांच्या पायांमधून वाट काढत पेटीपाशी जाऊन उभी राहिली. काचेला हात लावला. मग बोटाने टकटक केलं. एकदा, दोनदा. मग कान लावला. कुणीतरी तिला उचलून वर नेलं. ती रडली नाही, तेच सगळ्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून डबी तिच्या उशीखाली होती. तिला कुणी 'एकदाच' म्हणणारं उरलं नव्हतं.

जानेवारीत साईराज आला. रविवारी हे लोक जमतात त्या मंडळातला, अभिनवहून लहान, फार बोलणारा. अभिनवची नाणी नीट लावून द्यायला आला होता. अल्बम उलटताना "वा, वहिनी, वा" करत होता. नव्या डब्यांतली नाणी त्याने पत्त्यांसारखी एकावर एक रचली. तेवढ्यात आतून खुळ् ऐकू आलं आणि तो उठूनच उभा राहिला.

"हे काय वाजलं?"

मृणू डबी घेऊन दारात आली.

"देवा! बाळा, हळू. हळू हं." त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला, खिशातून रुमाल काढून आधी हात पुसले.

"सत्यनारायणाला बसतानाही एवढे हात पुसत नाहीत लोक," आई माझ्या कानात म्हणाल्या.

साईराज डबी उजेडात धरून बघत राहिला. तिरकी करून, कडेने, मागून. नाण्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"ती बाई पुढच्या बाजूला आहे," मृणूने त्याला सांगितलं.

"बाई राहू दे गं. बाया ढिगाने मिळतील. मी डबी बघतोय."

"अहो, पण पिवळी पडलीय ती," आई म्हणाल्या. "चरे बघा किती!"

"काकू, चरे असू देत. लोक काय करतात माहितीये? जुन्या डब्या फोडतात. नाणं काढून परत तपासायला पाठवतात, एखादा गुण वाढेल या आशेने. पूर्वीचे तपासणारे कडक होते, आताचे जरा हात सैल सोडतात असं म्हणतात सगळे. असं करून करून या डब्याच संपल्या. चौसष्ट म्हणजे त्या काळचे चौसष्ट आहेत हे. आणि मध्ये कुणी हात घातलेला नाही."

"म्हणजे मिठाई बाजूला ठेवून खोका विकत घ्यायचा."

"असंच समजा," साईराज हसला. "आमच्यात सगळेच असे आहेत, काकू. घरचे वैतागतात."

"वैतागणारच."

"ही आमची नाही," मी मध्येच म्हटलं. "उत्तनच्या मॅन्युएल अंकलची आहे. द्यायची राहिलीय."

त्याचा चेहरा उतरला. त्याने डबी मृणूच्या दोन्ही हातांत नीट ठेवली. जाताना दाराशी मला म्हणाला, "आहे तशी द्या, वहिनी. पुसू नका, उघडायच्या भानगडीत तर पडूच नका. आणि जरा लवकर द्या."

लवकर द्यायलाच हवी होती. अंकलची मुलगी रुथ अधूनमधून फोन करायची. कधी तगादा नाही, आवाज चढवणं नाही. "घाई करत नाहीये गं ममता," अशीच सुरुवात. "पण पप्पांचे डोळे आता जवळजवळ गेलेत. दिवसभर ओट्यावर बसतात आणि विचारतात, अभिनवकडची डबी आली का. अभिनव गेला हे त्यांना माहितीये, रडलेसुद्धा. पण डबी विचारतात."

"येत्या रविवारी येते," मी म्हणायचे. मग त्या रविवारी मृणूला सर्दी असायची, किंवा घरी कुणी यायचं होतं, किंवा मला कंटाळा. खरं कारण उशीखाली होतं आणि ते रुथलाही कळत असावं.

फेब्रुवारीत तिचा फोन आला तेव्हा सुरुवात वेगळी होती. "पप्पांना अ‍ॅडमिट केलं होतं. काल घरी आणलं. या रविवारी जमलं तर बघ, ममता."

त्या संध्याकाळी मी मृणूला मांडीवर घेतलं. म्हटलं, ही बाई मॅन्युएल आजोबांची आहे. त्यांना आता दिसत नाही. ते तिला फक्त ऐकू शकतात.

ती बराच वेळ माझ्या गाऊनचं बटण फिरवत बसली.

"त्यांना पण बाबा नाहीत?"

"नाहीत गं. ते केवढे मोठे आहेत."

"मग देऊ या," ती म्हणाली. "पण तिला तुझ्या फोनमध्ये ठेव."

मी फोन समोर धरला, तिने डबी हलवली, आणि शेवटी आपणच "आता बस" असं कुजबुजली. लावून ऐकलं तर कुणी ड्रॉवरमध्ये किल्ल्या टाकल्यासारखं वाजत होतं.

"ही ती नाहीये," मृणू म्हणाली. पण हट्ट केला नाही. रविवारी उत्तनला जायचं, तोवर डबी तिच्याकडे. असं आमचं दोघींचं ठरलं आणि मी आईंनाही सांगितलं.

शनिवारी माझा हाफ डे असतो. घरी आले तेव्हा मृणू खाली खेळायला गेली होती. टेबलावर ताटलीत एक धुतलेला रुमाल अंथरला होता आणि त्यावर काहीतरी लखलखत होतं.

"बघ," आई म्हणाल्या. "आता कशी द्यायला बरी."

नाणं होतं. स्टीलच्या नव्या वाटीसारखं पांढरं. त्या बाईच्या गालावर एक निळसर राखाडी साय धरलेली असायची, तिन्हीसांजेच्या आभाळासारखी. ती गेली होती. गाल कोरा होता. आणि नाणं एका गोल, नव्याकोऱ्या, काचेसारख्या डबीत होतं.

"आई, डबी?"

"फोडली. अडकित्त्याने. काय चिवट होती गं! कडेकडेने कातरत गेले तेव्हा कुठे दाद दिली. नाणं काळवंडलं होतं बिचारं, दंतमंजनाने घासलं. आणि ही डबी माझ्या लक्ष्मीची. धनत्रयोदशीला सोनाराकडून आणलेलं नाणं होतं ना माझं, ते काढून करंड्याशेजारी ठेवलं नुसतंच. लक्ष्मीला काय, ती राहील. पण परक्याची वस्तू आपण इतके महिने वापरली, ती तशीच मळकी परत करायची? शेजारणीची वाटीसुद्धा आपण घासून, वर चिमूटभर साखर घालून देतो."

मी ती डबी उचलली, कानाशी नेली आणि हलवली. पुन्हा हलवली. नाणं आत गच्च बसलं होतं.

"साईराज काय सांगून गेला होता? तुमच्यासमोर सांगितलं त्याने, चरे असू देत म्हणून."

"तो वेडाच आहे."

"आई..."

"नाही वाजत," आई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. रुमालाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. "मी पण हलवून पाहिली. नाही वाजत आता." मग एकदम खुर्चीत बसल्या. त्याच्या वेताच्या खुर्चीत, जिथे ऑगस्टापासून आम्ही कुणी बसलो नव्हतो. "दर वेळी वाटतं गं, आलाय आणि इथे बसलाय. दर वेळी. दुपारी, सकाळी, कधीही ती पोरगी वाजवते आणि माझ्या छातीत... मी काय करू, सांग."

माझं तोंड ओरडायला उघडलं होतं. त्यांच्या अंगठ्यावर अडकित्त्याची चीर होती, हळद भरलेली. मी तोंड मिटलं.

सुक्या कचऱ्याची पिशवी अजून दाराशी होती. दुर्गा, कचरा न्यायला येते ती, आलीच नव्हती. मी जिन्यातच बसून पिशवी उलटी केली. दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे कागद, आणि त्यात पिवळट प्लॅस्टिकचे कपचे. चिठ्ठी मधोमध कातरली गेली होती. सगळं वेचून डब्यात भरलं आणि साईराजला फोन लावला.

"चिकटवता येईल का?"

"काय?"

मी सांगितलं.

"घासलं पण?"

"हो."

"कशाने?"

"दंतमंजनाने."

"काकूंना काही बोलू नका, वहिनी," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मृणू खेळून आली, हात न धुताच टेबलाशी गेली. चकाकणारं नाणं बघून तिला आधी मजा वाटली. तिने डबी कानाशी धरून हलवली. मग दुसऱ्या कानाशी.

"आता नवी डबी आहे ना, राणी," आई पटकन म्हणाल्या. "छान गच्च बसलीय. पडायची, झिजायची भीती नाही."

"नवीनवाली," मृणू म्हणाली. तिने डबी परत ताटलीत ठेवली. झोपताना मी ती उशीखाली ठेवायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला.

रविवारी मी एकटीच जाणार होते. मृणू येणार म्हणाली, आणि आई साडी नेसून तयारच बसल्या होत्या. "मी केलंय, मी सांगते. तू मध्ये बोलू नकोस." बसमध्ये पूर्ण वाटभर त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

अंकलचं घर रस्त्यापासून थोडं आत, समोर बोंबील वाळत घातलेले, दारावर लाकडी क्रूस. ओट्यावर खुर्चीत अंकल बसले होते. मी त्यांना कधीतरी मंडळाच्या प्रदर्शनात पाहिलं होतं, तेव्हा उंच, ताठ होते. आता शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती. रुथने आमचा आवाज ऐकला आणि ती आतून आली.

"पप्पा, अभिनवच्या घरची आलीत."

"आली का बाय?" त्यांनी तोंड भलत्याच बाजूला वळवलं आणि हात पुढे केला. "द्या. आधी ती द्या, मंग चहा."

आईंनी पर्समधून डबी काढून त्यांच्या हातावर ठेवली. अंकलचा अंगठा कडेवरून फिरला, एकदा पूर्ण वर्तुळ करून आला.

"ही गोल हाय."

त्यांनी ती कानाशी नेली. हलवली. मान किंचित वाकडी करून वाट बघितली, जसं आपण दार वाजवून आतून कुणी येण्याची बघतो.

"ह्यात काय न्हाय."

"आहे," आई म्हणाल्या. "नाणं आहे आत. तुमचंच आहे. डबी... जुनी डबी मी फोडली. पिवळी पडली होती, वाटलं स्वच्छ करून द्यावी. मला नव्हतं माहीत. म्हणजे त्या मुलाने सांगितलं होतं, पण मी..." मला मध्ये बोलू नकोस म्हणाल्या होत्या.

रुथ चौकटीला टेकून उभी राहिली.

अंकलनी डबी मांडीवर ठेवली. बोटं तिच्या गोल कडेवरून फिरतच होती, कोपरा शोधत असावीत.

"जहाजावर लॉकरात असायची," ते म्हणाले. "जहाज कललं की वाजायची. हिकडं कललं, खुळ्. तिकडं कललं, खुळ्. रातभर. बाकीचे शिव्या द्यायचे मना, काढ ती भायेर म्हणून. मी म्हणायचो, राहू दे, एक जण तरी जागा हाय माझ्याबरूबर." ते हसायला गेले. "सगळे यायचे हितं, डबी विकता का म्हणून. तुमचा पोर आला, त्याने विकत न्हाय मागितली. दोनदा आयकली आणि गप बसून राहिला. म्हणून दिली त्याला."

"माझ्याकडे आवाज आहे, अंकल," मला राहवलं नाही. "फोनमध्ये." मी त्यांच्या कानाशी फोन धरला आणि लावलं. किल्ल्यांसारखं ते खुळखुळणं, आणि शेवटी कुजबुज, आता बस.

"पोरीचा आवाज गोड हाय," अंकल म्हणाले.

"आणि तो?"

"त्यो फोन हाय, बाय."

आईंनी पर्समधून तुकड्यांचा डबाही काढला होता. तो कुणापुढे करावा हे न कळून हातातच धरून होत्या. रुथने तो घेऊन अंकलच्या मांडीवर ठेवला. त्यांनी एकेक कपचा चाचपला. एकाला चौकोनी कोपरा शाबूत राहिला होता, तो त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. मग बाकीचा डबा आपल्याकडे ओढून घेतला आणि लखलखतं नाणं आईंच्या दिशेने पुढे केलं.

"हे न्या तुम्ही. पोरीला द्या."

"अहो, चांदी आहे ती!" आईंचा आवाज फुटला. "तुमची आहे. कचरा ठेवून घेता आणि चांदी देता?"

"चांदी ठाऊक हाय मना. मना डबी पायजे होती."

रुथने चहा आणला. आम्ही तो प्यायलो. आई दोनदा म्हणाल्या, "माफ करा," आणि अंकल दोन्ही वेळा म्हणाले, "तुमचा पोर गेला, बाय. डबीचं काय." पण हात खिशावरून हलला नाही.

मृणू इतका वेळ पायरीवर बसून होती. निघताना ती अंकलच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहिली.

"आजोबा, ही नवीनवालीत का नाही वाजवत?"

"जागा न्हाय ना, पोरी. गच्च धरलंय तिला सगळीकडून."

"आणि जुनीत?"

"जुनीत होती थोडीशी."

"थोडीशी जागा असली की वाजवता येतं?"

"हो. थोडीशी पुरते."

तिने मान हलवली. तिला बाबाचं सगळं पाठ होतं, फक्त दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं होतं, असं मला वाटलं.

बस येईना. स्टॉपच्या बाकावर आम्ही तिघी बसलो, मृणू मध्ये. मासळीचा वास येत होता. रस्त्यापलीकडे कुणीतरी जाळं दुरुस्त करत होतं, आणि आई तिकडे बघत होत्या, बघत नव्हत्या. अंगठ्यावरची हळद साडीला लागली होती. मी म्हटलं, "आई, घरी गेल्यावर पट्टी लावू." त्यांनी मान हलवली.

मृणूच्या मांडीवर ती गोल डबी होती. तिने ती सरळ ठेवली, बाईचा चेहरा वर. मग बोटाने वरून टकटक केलं. एकदा, दोनदा. वाकली आणि कान लावला.

मी तिला उचलून घ्यायला हात पुढे केले, पण तोवर ती उठून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

"आई."

"काय गं?"

"बाबांची काचेची पेटी नवीनवाली होती ना?"

आईंनी मान वळवली.

"आपण जुनीवाली का नाही आणली?"